श्री. अपडेट यांस

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल रात्री आपण पुन्हा येऊन गेलात. घर झोपलेलं, फोन चार्जिंगला, वायफाय चालू. आपल्याला एवढंच लागतं. सकाळी आई फोन धरून उभी. "अगं, हा आता उचलायचा कसा?" परवापर्यंत बटण वर सरकवलं की फोन उचलला जायचा. आता म्हणे आडवं सरकवायचं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ते 'वर' तिच्या बोटांत बसायला दोन महिने लागले होते. त्या काळात मावशीचे चार फोन कट झाले आणि मावशी आठवडाभर रुसली. आज ती पुन्हा रुसली आहे. समजूत काढायला आपण जाल का?

येताना चिठ्ठी आणता, हे खरं. 'किरकोळ दोष दूर केले, कार्यक्षमता वाढवली.' वर्षानुवर्षं हेच, काना-मात्रेचा फरक नाही. आमचा प्लंबरसुद्धा नळ दुरुस्त केला की झिजलेला वायसर काढून हातावर ठेवतो. एकदा तरी तो दोष दाखवा की!

शिवाय आपण विचारता, 'आत्ता की नंतर?' 'नको' कुठे लपवलंत? पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे आमचे काकासुद्धा पानावर आडवा हात धरला की पुढच्या पानाकडे वळतात.

आपण आमची कुलपं बदलायला येता, हे मी जाणते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणक ओलीस धरले, त्यावरचा उपाय आपण मार्चमध्येच दारात ठेवून गेला होता. ज्यांनी तो घरात घेतला नाही, ते पस्तावले. पण पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं अपडेट म्हणून नॉटपेट्या नावाचा व्हायरस आत शिरला आणि त्याची झळ थेट आमच्या न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलला लागली. चोर आपलाच सदरा घालून आला होता, साहेब.

आणि 19 जुलै 2024 चं काय? आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक छोटीशी फाइल विंडोज संगणकांवर गेली आणि सुमारे 85 लाख यंत्रांचे पडदे निळे पडले. चूक केवढी? तिथे तपशील 21 अपेक्षित होते, हाती आले 20. हजेरीपटात एकवीस नावं, वर्गात वीस पोरं, आणि एकविसावं शोधायला मास्तर थेट खिडकीबाहेर पाय टाकतात, तसं झालं. विमानतळांवर बोर्डिंग पास बॉलपेनने लिहिले गेले. नाव, फ्लाइट, आसन, सगळं हाताने. मला त्याचा फोटो फार आवडला. अक्षर चांगलं होतं हो!

सदोष फाइल आपण 78 मिनिटांत मागे घेतलीत. कौतुक आहे. फक्त निळी पडलेली यंत्रं तोवर काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. मग माणसं निघाली. एकेका यंत्रापाशी बसून सेफ मोड, ती फाइल शोधा, पुसा, पुन्हा चालू करा. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी 48 अंकी किल्ली. फोनवर एक जण वाचतोय, दुसरा टाइप करतोय: "सहा, सहा, शून्य... थांब, कितवा गट?" आपण स्वयंचलित आहात ना? मग इतक्या माणसांना शुक्रवारची रात्र ऑफिसात का काढावी लागली?

या राबणाऱ्यांतल्या आपल्या भागीदारांना क्राउडस्ट्राइकने दिलगिरीदाखल 10 डॉलरचं उबर ईट्सचं कूपन पाठवलं. तेही काहींचं चाललं नाही. वापर एवढा वाढला की उबरच्या यंत्रणेला त्यात लबाडीचा वास आला.

तर विनंती एवढीच: पुढच्या खेपेला दिवसा या, बेल वाजवा, आणि काय बदलणार ते आईला कळेल अशा मराठीत सांगा. चहा मी करीन.

आपली,
'नंतर आठवण करा' दाबणारी

ता. क. : आत्ताच मावशीचा फोन आला होता. आईने, मी शिकवल्याप्रमाणे, बटण आडवं सरकवलं. डावीकडे. कट झाला.