पाटी एक, दुकान दुसरंच

आमच्या अंबाजोगाईत पाटी वाचून दुकानात शिरणारा माणूस हटकून परगावचा असतो. गावातल्या माणसाला पाटीशी देणंघेणं नसतं. 'जनरल स्टोअर्स'मध्ये मोबाईलचं रिचार्ज होतं, 'मोबाईल शॉपी'च्या दारात उन्हाळ्यात रसवंती चालते, आणि 'हार्डवेअर' लिहिलेल्या ठिकाणी खिळे कमी अन् लग्नाची स्थळं जास्त कळतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. पाटी एकदाच रंगवतात, धंदा रोज बदलतो. दरवेळी रंगाऱ्याला पैसे कोण देणार?

आणि दुकानांनाच का नावं ठेवा? गावाचीच पाटी कित्येक वर्षं वेगळी होती. निजामाच्या राज्यात इथं घोडदळाची छावणी होती आणि सरकारी कागदावर गावाचं नाव होतं मोमिनाबाद. पण कुलदैवताला म्हणून थेट कोकणातून येणारे भाविक जोगाईच्या आंब्यालाच यायचे. दफ्तर आपल्या जागी, देवी आपल्या जागी. दोघं कधी एकमेकांच्या आड आले नाहीत.

पेन्शनीत निघाल्यापासून संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडणं माझ्याकडं आहे. घरून यादी मिळते. त्या दिवशीची यादी अशी: येसर मसाल्याला धने नि खोबरं, टेलरकडं पिकोला टाकलेली साडी, सातबाराच्या दोन झेरॉक्स. "अर्ध्या तासात या," असंही सांगण्यात येतं. ते यादीत नसतं, त्यामुळं मी ते फारसं मनावर घेत नाही. गुरुवार पेठेतून रविवार पेठेत जायला तीन दिवस लागत नाहीत हे खरं, पण वाटेत दुकानं असल्यामुळं तसा भरवसाही देता येत नाही.

आमच्या बाजारात तुम्ही कोण, हे तुमच्या सदऱ्यावर ठरतं. इस्त्रीचा सदरा असला की 'सर', मग तुम्ही कारखान्यात वॉचमन का असेना. पांढराशुभ्र, कडक खादीचा असला की 'साहेब', आणि वरचं बटण लावलेलं नसलं तर 'अध्यक्ष'. धोतर-टोपी दिसली की 'मामा'. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण सदऱ्याला इस्त्री नसेल त्या दिवशी मलाही 'मामा' व्हावं लागतं.

पहिला मुक्काम किराण्याचा. पाटीवर 'किराणा व भुसार' आहे, आत बँक आहे. ही बँक कोयत्यावर चालते. आमच्या जिल्ह्यात, विशेषतः केज, धारूर, वडवणी, पाटोदा या पट्ट्यात, कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. पाऊस सरत आला की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं साखर कारखान्याला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. परततात ती पाडव्याच्या आगंमागं. तेव्हा आमच्या वाण्याचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, उचलीला होतं. त्या पंधरवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ताडपत्री, बादल्या, जर्मनची पातेली, पोराला स्वेटर आणि वर्षाची थकबाकी, सगळं एका दमात.

त्याची वही मी जवळून पाहिली आहे. लांबोडी, लाल कापडाची, आणि तिच्यात एकाही गिऱ्हाइकाचं नाव धड नाही. 'विहिरीवालं', 'बुटका मुकादम', 'पाटोद्याची सून', 'दोन नंबरचं पोरगं मिलिटरीत'. पुढं आकडे, आणि काही आकड्यांवर बारीक फुली. मी विचारलं, "ही फुली कशाची?" तर म्हणाला, "हे येनार न्हाईत, सर. पर लिहून ठेवावं. त्याच्या पोराला पुढं लाज वाटंल." तारण हे आहे. रिझर्व्ह बँकेला अजून सुचलं नसावं.

शिवाय ही बँक निरोपाचं ऑफिसही आहे. ऊसतोडीच्या हंगामात म्हातारी आणि पोरं गावाकडं राहतात, त्यांचा किराणा कोल्हापूरच्या उसाच्या फडातून फोनवर सांगितला जातो. माझ्यासमोर फोन आला. वाण्यानं स्पीकर लावला, कारण त्याचे दोन्ही हात गुळाच्या ढेपेत होते. पलीकडून आवाज आला, "मह्या आईला दोन किलो साखर द्या, आन तिला म्हनावं गोळी घेत जा." सगळं दुकान ऐकत होतं. कोपऱ्यातला एक गडी मध्येच बोलला, "ती घेत न्हाई गोळी, मी बघतो की रोज." फडापर्यंत खबर पोचली. तेवढ्यात काउंटरवरचं पेमेंटचं यंत्र गरजलं, 'नऊ रुपये प्राप्त झाले', आणि नऊ रुपये देणारा गृहस्थ खाली मान घालून बाहेर पडला. पूर्वी कुणी किती दिले हे गावाला कळायला दोन दिवस लागायचे.

धने मिळाले. खोबरं मात्र "उद्याच्याला चांगलं येनार हाय, आज नका घेऊ" म्हणून त्यानंच नाकारलं. विकायला नकार देणारा दुकानदार हा आमच्याकडं विश्वासाचा पुरावा मानला जातो.

पुढं कृषी सेवा केंद्र. याच्या पाटीवर बी-बियाणं, खतं, औषधं. आत ओपीडी. आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं असा त्याचा लौकिक. पण रांग मी इथं जास्त पाहतो. शेतकरी सदऱ्याच्या खिशातून हळूच कपाशीचं पान काढतो, दोन बोटांनी उलटं धरतो आणि चेहरा असा करतो की पेशंट पान आहे की तो, कळत नाही. काउंटरमागचा पोरगा पान उजेडाकडं धरून पाहतो, पाठीमागून नख फिरवतो, "किती दिस झाले?" विचारतो. मग कागदावर दोन नावं. "हे मारा, पंपाला इतकं, आन आठ दिसांनी परत दाखवा." जाताना शेतकरी विचारतो, "खायाला काय पथ्य?" हा विनोद आहे की काळजी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

मोंढ्यातून जाताना मी थांबत नाही, तिथं पाट्या फार खऱ्या बोलतात. 2025-26 साठी सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये ठरवला. तो आकडा पेपरात छापला, बोर्डावर लिहिला. आडतीवर मात्र ओलाव्याचं यंत्र असतं. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो आणि आपला माल नेमका तेरा-चौदा दाखवतो. "घरी तर खडखडीत व्हतं," माणूस म्हणतो. "वाटेत हवा दमट हाय," आडत्या म्हणतो. दोघंही आकाशाकडं पाहतात. आकाश कुठल्याच आडतीवर बसत नसल्यामुळं ते काही बोलत नाही.

कापड दुकानात मला काही घ्यायचं नव्हतं. म्हणूनच आत गेलो. पांढऱ्या गादीवर एका घराचा बस्ता चालू होता. बस्ता म्हणजे दोन गावं टेम्पोत बसून येतात, दुकानदाराच्या खर्चानं चहा पितात आणि नवरदेवाचा मामा सोडून सगळ्यांचं समाधान होतं. साडी मागितली की इथला दुकानदार रंग विचारत नाही, कापड विचारत नाही. तो फक्त विचारतो, "नेसायची का द्यायची?" एवढ्यात सगळं आलं. द्यायची साडी कुणी नेसत नाही. ती आहेरात येते, कपाटात राहते, दुसऱ्या आहेरात जाते. दुकानदार मला म्हणाला, त्यानं विकलेली एक मोरपंखी साडी तिसऱ्या लग्नात त्याच्याच बायकोच्या ओटीत पडली. घडी मोडलेली नव्हती. किमतीची चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली होती.

लग्नावरून आमची देवी आठवते. जोगाईच्या, म्हणजे योगेश्वरीच्या, कथेत तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं होतं, मुहूर्त टळला आणि ती कुमारिकाच राहिली. वऱ्हाडाला उशीर कशानं झाला, याचं कारण जो तो आपापलं सांगतो. ते दुकान तासभर पाहिल्यावर माझं मत बस्त्याकडं झुकतं.

कापडाचं खरं मोल मात्र या गावात संतकवी दासोपंतांनी जाणलं. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. त्यांनी पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड कापडावर, 'पंचीकरण' लिहिलं. पासोडी सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद. ती अजून गावात आहे. चाळीस फूट! आजचा दुकानदार ते कापड फाडताना नक्की विचारेल, "लिहायचं का द्यायचं?"

झेरॉक्सच्या दुकानात शिरताना मला दासोपंतच आठवतात. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागत असे म्हणतात. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा, तेव्हा ढबूसुद्धा कमीच पडत असणार. त्या काळच्या शाईवाल्याला असं एक गिऱ्हाईक पुरेसं होतं. आताच्या दुकानावर 'स्टेशनरी' लिहिलंय, पण शाईची दौत मागितली तर पोरगा दुकानातून बाहेर येऊन आपली पाटी वाचतो. या दुकानाचा धंदा सरकार हा आहे. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, आणि 2024 पासून लाडकी बहीण. योजना निघाली त्या महिन्यात इथली रांग चपलांच्या दुकानापर्यंत गेली होती, आणि उभं राहून राहून तुटलेल्या चपला तिथंच बदलल्या गेल्या. पोरग्याचं वय वीस असेल. साठीच्या बाया त्याला 'साहेब' म्हणतात. "साहेब, मव्हा अंगठा येत न्हाई." तो त्यांचा अंगठा स्वतःच्या रुमालानं पुसतो, यंत्रावर दाबतो, मग दुसरं बोट, मग तिसरं. "भांडे घासून घासून रेघाच गेल्या, मावशी." मावशी हसते, पण बोट काढत नाही. दहाव्या बोटाला यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि सगळ्या रांगेनं श्वास सोडला. माझ्या झेरॉक्स त्यानंतर निघाल्या, एक काळी आणि एक अर्धी.

सलूनमधून नुसता आवाज आला, "सर, नगरपालिकेचं काय वाटतंय?" मी केस वाढलेले नाहीत असं सांगून सुटलो.

टेलरचाचा मंडी बाजाराच्या बोळात बसतात. साडी कुठं आहे विचारलं, तर त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि चष्म्यावरून बघितलं. "कल ले जाव, गुरुजी. आज फॉल का रंग नहीं जमा." मागच्या खेपेला लाईट नव्हती, त्याआधी सुई. चाचांकडं कपडे शिवायला फार कमी लोक येतात, कारणं ऐकायला येतात, आणि कारणं ते वेळेवर देतात. मलाही घरी जाऊन सांगायला एक नवीन लागतच होतं.

परतीच्या वाटेवर एक नवीन शटर उघडलेलं दिसलं. आत नुसता चुन्याचा वास. माल नाही, फळ्या नाहीत, पाटीची लोखंडी चौकट वर रिकामी. मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर मालक, आणि भिंतीला टेकून चौघं चहा पीत बसलेले.

"कशाचं टाकायलाव दुकान?" मी विचारलं.

"आजून ठरलं न्हाई, सर. बसा की."

चौघांनी सरकून जागा केली. एकानं तोवर आपली खताची गोणी मालकाच्या भरवशावर कोपऱ्यात ठेवली, दुसऱ्यानं मोबाईल चार्जिंगला लावला. माझ्या हातात चहा आला तेवढ्यात एक बाई डोक्यावरचा पदर सावरत दारात उभी राहिली.

"भाऊ, आधारचं इथंच करतेत का?"

मालकानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा रिकाम्या भिंतींकडं.

"करतो की. उद्या या, मावशी. दोन फोटो घेऊन."