लॉजिक बरोबर आहे

प्रोग्रॅमिंगच्या कुठल्याही क्लासात हा असतोच. पंख्याखालची खुर्ची, शेजारी पाण्याची बाटली. स्क्रीनवर उत्तर धडधडीत चुकलेलं, आणि हा छातीठोकपणे सांगतोय, "लॉजिक बरोबर आहे, मॅडम. जावाच काहीतरी करतंय."

आम्हाला विद्यार्थ्याचा क्लास लिहायचा होता. गुण आत लपवलेले आणि श्रेणी विचारली की सांगणारी गेटर मेथड. याची पहिलीच अट: ३५ किंवा जास्त, तर 'पास'. डिस्टिंक्शनची ७५ची अट सगळ्यात खाली. तिथवर पोचणार कोण? ९२वाला वरच्या वरच 'पास' होऊन बाहेर. मॅडमनी बोट ठेवलं, तर म्हणतो, "मग ९२वाला काय नापास आहे? लॉजिक बरोबर आहे."

प्रत्येक अटीत काहीतरी छापून बघ, म्हणजे गाडी कुठे वळते ते कळेल, असं मॅडमनी सुचवलं. याने सगळीकडे एकच शब्द छापला: 'आलो'. तीन विद्यार्थी, तीनदा 'आलो'. कुठून आलो, पत्ता नाही. पण लॉजिक बरोबर.

मग 'पास आहे का?' विचारणारी मेथड. तुलनेला बरोबरची दोन चिन्हं लागतात, याने एकच टाकलं. आकडा असता तर जावाने तिथेच अडवलं असतं. पण इथे होतं बूलियन, नुसतं खरं की खोटं, त्यामुळे चूं नाही की चां नाही. निकाल वाचायचं सोडून मेथड तो लिहायलाच लागली. शून्यवाल्याला नुसतं विचारलं, "झालास का पास?" की तो पास! (असा गेटर बसवलेल्या संस्था माझ्या पाहण्यात आहेत, पण ते असो.)

शेवटी मॅडमनी काठावरचा मुलगा दिला, बरोब्बर ३५चा. आम्हा हुशारांच्या अटी '३५पेक्षा जास्त', त्यामुळे पोरगं सगळ्यांकडे नापास. पास झालं ते एकट्या याच्याकडे.

"तुला कसं सुचलं रे?"

"मला गणितात ३५च होते, मॅडम."

तेव्हापासून तो मला आवडतो, अगदी नाइलाजाने. क्लास सुटला तरी तो एकेकाच्या मशीनवर जाऊन राहिलेलं बरोबरचं चिन्ह टाकत होता. माझ्याकडेही टाकलं, आणि त्याच झपाट्यात खालच्या जोडीतलं एक उडवलं. माझा अख्खा वर्ग पास झाला.