आरोबा, आजोबा आणि काका

गोव्यात केरी नावाची गावं तीन. एक चोर्ल्याच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळची, सत्तरीतली. दुसरी फोंड्यातली, विजयादुर्गेची. तिसरी आमची, पेडण्याची. इथं रस्ता धक्क्यावर संपतो आणि पलीकडे तेरेखोलला जायला फेरीबोट धरावी लागते. पाकिटावर नुसतं 'केरी, गोवा' लिहिलं, तर ते पत्र कुठली केरी बघून येईल याचा नेम नव्हता. असल्या जुळ्या-तिळ्या नावांवर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता करायचे. छंदातल्या मात्रा मोजणाऱ्यानं देशाला सहा आकड्यांत बसवलं, हे मला फार आवडतं.

पिनकोडनं पत्ता नेमका केला. इमेलनं तो इतका नेमका केला, की आता तो लपवायची पाळी आली आहे.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीचे इमेल नेटवर सगळ्यांना दिसतील असे मांडायचं काम माझ्याकडे आलं. पात्रता एकच, मला टायपिंग येतं. मांडायचे ते माणसांसाठी. पण रात्रंदिवस नेटवर भटकणारे काही प्रोग्रॅम असतात, ते @ ही खूण हुंगत येतात, तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द उचलतात आणि पत्त्यांची टोपली भरून विकायला नेतात. मग लॉटरी, कर्ज, परदेशी विधवेचे कोट्यवधी डॉलर. रे टॉमलिन्सननं १९७१ साली ही खूण निवडली ती कुणाच्याच नावात येत नाही म्हणून. चोरांनाही ती नेमकी त्याच कारणानं सोयीची पडते. सात वर्षांत, १९७८ च्या मे महिन्यात, एका कंपनीच्या विक्रेत्यानं सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात एकदम धाडलीही.

पोर्तुगीज भाषेत या खुणेला आरोबा म्हणतात. मूळ ते वजनाचं माप, साधारण पावणेपंधरा किलोंचं. एवढं ओझं नावाच्या आणि डॉटच्या मधोमध ठेवल्यावर ते लांबून दिसणारच. (आमच्या शेजारच्या पोरानं 'आजोबा' ऐकलं आणि तेव्हापासून तो इमेलला आजोबांचा पत्ता म्हणतो.)

सरकारी संकेतस्थळांवर साहेबांच्या पत्त्यात या खुणेच्या जागी कंसात 'एट' आणि टिंबाच्या जागी 'डॉट' लिहिलेलं असतं. मीही तेच केलं. अध्यक्षांचा पत्ता तर चित्र करून लावला, म्हणजे यंत्राला अक्षरं उचलताच येऊ नयेत. मला आतून बरं वाटलं, कारण ही केरीचीच रीत. आमच्याकडे घराचा पत्ता कोण नेमका सांगतो? धक्क्यापर्यंत सरळ या, सुरूची झाडं लागली की कुणालाही विचारा. विचारणारा माणूस असला तर पोचतो.

आठवड्यानं मुंबईच्या काकांचा फोन आला.

"अरे, तुला धाडलेलं मेल तीनदा परत आलं."

"पत्ता काय लिहिलात?"

"तू दिलंयस तसंच. नाव, कंस, एट, कंस पुरा, मग डॉट. सगळं शब्दात. एक अक्षर सोडलं नाही."

काकांनी आयुष्य तपासनीस म्हणून बॅंकेत काढलं. कागदावर आहे त्यात त्यांनी कधी स्वतःचं घातलेलं नाही. "काका, ते एट म्हणजे गोल शेपटीचं ए." "मग तसं का नाही लिहिलंस?" "चोर येतात म्हणून." पलीकडे जरा शांतता. "मी चोर आहे?"

अध्यक्षांच्या चित्रातला 'एल' लोकांनी एक म्हणून वाचला, ते वेगळंच.

त्याच रात्री मी पेटी उघडली. काकांचं काही नव्हतं. लॉटरीवाल्यांचं मात्र आलं होतं. कंसातला एट त्यांच्या प्रोग्रॅमला हल्ली वाचता येतो. रक्कम मोठी होती आणि मला 'प्रिय मित्रा' म्हटलं होतं.

काकांचं पत्र चार दिवसांनी आलं, पोस्टानं. पिनकोड बरोबर होता.