जादूची पावती

ज्या पुस्तकात प्रकरणंच नाहीत, ते संसारी माणसाने वाचायला घेऊ नये. ‘एवढं प्रकरण संपवतो आणि उठतो’ हे आपल्या घराघरांत चालणारं आश्वासन. टेरी प्रॅचेटच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत प्रकरण सुरूच होत नाही, तर संपणार कुठून? मधे थोडी जागा सोडलेली दिसते म्हणून उठायला जावं, तर पानाच्या तळाशी तळटीप. ती वाचून होईपर्यंत दूध उतू गेलेलं असतं. ‘याच पुस्तकाने मागच्या वर्षीही दूध घालवलं होतं ना?’ असं बायको विचारते. तिची स्मरणशक्ती चांगली आहे. पुस्तक तेच असतं.

ओळख झाली ती फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. ‘गार्ड्स! गार्ड्स!’च्या मुखपृष्ठावर ड्रॅगन होता, म्हणून विक्रेत्याने ते मुलांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं आणि भावही पोराटोरांचाच लावला होता. जॉश किर्बीच्या त्या मुखपृष्ठांवर दात, शेपट्या, तलवारी आणि अपुऱ्या कपड्यांतल्या बायका अशा काही कोंबलेल्या असत, की लोकलमध्ये पुस्तक उघड धरायची सोय नव्हती. (पहिल्या कादंबरीतल्या चष्मेवाल्या पर्यटकाला लेखकाने गमतीने चार डोळ्यांचा म्हटलं, तर किर्बीने खरोखर चार डोळे काढले.) मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. बँकेच्या प्रमोशनचा अभ्यास चाललाय, अशी डब्यातल्या मंडळींची समजूत झाली. बँकिंग कायदा वाचून हा माणूस एवढा हसतो म्हटल्यावर एका गृहस्थांनी घाबरून मला खिडकी दिली. विरार लोकलमध्ये याहून मोठा साहित्यिक सन्मान नाही.

प्रॅचेटचं जग ताटासारखं सपाट. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि कासव अंतराळात पोहतंय. इंग्रज वाचक यावर थक्क होत असेल. दिग्गजांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि देवळात शिरताना आधी दगडी कासवाला हात लावणाऱ्या माणसाला त्यात काय नवल? नवल पुढे आहे. हे कासव नर की मादी, यावरून तिथल्या विद्वानांत वाद आहेत, आणि ते पाहून यायला एक देश चक्क यान बांधतो. आपल्या पुराणांनी कूर्माला इतका खासगी प्रश्न विचारला नाही.

पहिल्या वाचनात मी चेटकिणी, ड्रॅगन आणि शेकडो पायांनी मालकामागे धावणारी ट्रंक यांच्यावर खूश होतो. पुन्हा वाचताना लक्ष भलतीकडेच जायला लागलं. या माणसाच्या जादूत व्हाउचर असतं! अँख-मॉरपॉर्क शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे. चोरीचा कोटा ठरलेला, चोरी झाली की पावती मिळते आणि विनापरवाना चोरी करणाऱ्याला संघच बघून घेतो. गुन्हेगारी व्हायचीच असेल तर निदान शिस्तीत व्हावी, असं शहराचा सर्वेसर्वा व्हेटिनारी याचं धोरण. विद्यापीठाचा ग्रंथपाल जादूच्या अपघातात ओरांगउटान होतो आणि पुन्हा माणूस व्हायला साफ नकार देतो, कारण वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला लांब हात बरे पडतात. हे सुचायला नुसती प्रतिभा पुरत नाही, नोकरी करावी लागते. प्रॅचेटने ती केली होती. सतराव्या वर्षी तो स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार झाला. पुढे १९८७ पर्यंत वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होता आणि त्याच्याकडे अणुवीज केंद्रं होती. ‘काळजीचं काही कारण नाही’ हे वाक्य पोटापाण्यासाठी लिहावं लागलेला माणूस काल्पनिक साहित्यात मागे कसा पडेल?

माझं खरं घोडं अडतं ते ‘मेन ॲट आर्म्स’मधल्या बुटांपाशी. कॅप्टन व्हाइम्स पहारेकऱ्यांचा प्रमुख, पगार महिना ३८ डॉलर आणि भत्ते. चांगले चामडी बूट ५० डॉलरना, ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडणारे बूट दहाचे, हंगाम-दोन हंगामांत गळायला लागतात. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. व्हाइम्सला तळव्याखालची फरसबंदी जाणवते, इतके त्याचे तळ झिजलेत. ऐन ड्रॅगनांच्या राज्यात हा माणूस दारिद्र्याचा ताळेबंद मांडून मोकळा होतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता दर जूनमध्ये फुटपाथवरून पावसाळी चपला घेताना मी मनात भागाकार करतो आणि तरीही त्याच घेतो.

मृत्यूचंही तेच. आपला यम रेड्यावरून येतो आणि रेड्याच्या देखभालीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. प्रॅचेटच्या मृत्यूने मात्र सांगाड्याचा घोडा वापरून पाहिलेला आहे, पण निखळलेली हाडं तारेने बांधायला सारखं थांबावं लागायचं. म्हणून आता हाडामांसाचा पांढरा घोडा, नाव बिंकी. या मृत्यूला मांजरं आवडतात आणि झणझणीत करीही. ‘रीपर मॅन’मध्ये नोकरी गेल्यावर तो एका शेतावर गडी म्हणून राहतो. कापणी करतो, अर्थात.

एकूण ४१ कादंबऱ्या. सुरुवात कुठून करावी यावर भक्तांत हमरीतुमरी होते; माझं मत, पहिल्या दोन मागाहून वाचा, ‘मॉर्ट’पासून धरा. पुस्तक माझ्याकडे मागू नका.

२००७ मध्ये अल्झायमरचं निदान झाल्यावरही, हाताने लिहिणं जमेना तेव्हा तोंडी सांगून, प्रॅचेट पुस्तकं करत राहिला. २०१५ साली, ६६व्या वर्षी गेला. अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क रोलरखाली चिरडावी, अशी त्याची इच्छा होती. आपल्याकडे लेखक गेला की त्याच्या वाण्याच्या याद्यासुद्धा ‘अप्रकाशित साहित्य’ म्हणून दिवाळी अंकात येतात, त्यामुळे ही दूरदृष्टी मला फार भावली. २०१७च्या ऑगस्टमध्ये त्याच्या सहायकाने डॉर्सेटमध्ये ती डिस्क ‘लॉर्ड जेरिको’ नावाच्या जुन्या वाफेच्या रोलरखाली ठेवली. रोलर तिच्यावरून पुन्हापुन्हा गेला. डिस्क दाद देईना. शेवटी तिला खडी फोडायच्या यंत्रात घालावं लागलं. मृत्युपत्राची अंमलबजावणी जवळून पाहिलेल्या कुठल्याही बँकवाल्याला यात काहीच विशेष वाटणार नाही.