जहाजे बुडाली, सह्या तरल्या

अमेरिकन प्रजासत्ताकाच्या पहिल्या काही दशकांतील जहाजी कागदपत्रे जमवणाऱ्यांची एक जमात आहे आणि तिचे वैशिष्ट्य असे, की तिला जहाजांत फारसा रस नसतो. युरोपात ब्रिटन आणि फ्रान्स यांची जुंपलेली असताना, हे गलबत तटस्थ अमेरिकेचे आहे, त्याला अडवू नये, अशी ग्वाही देणारे 'सागरी पत्र' कप्तानाजवळ असे. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि डच अशा चार भाषांत छापलेल्या या कागदावर बादशहापासून नगरपालापर्यंत सर्वांना विशेषणांची अशी खिरापत वाटलेली असे, की पेशवाईतील मायन्यानेही मान खाली घालावी.

याहून गमतीदार म्हणजे १७९६ च्या कायद्याने सुरू झालेला भूमध्य परवाना. चर्मपत्रावर छापलेल्या या परवान्याचा वरचा भाग नागमोडी कापून काढीत आणि ते तुकडे वकिलातींमार्फत उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सत्तांकडे पाठवीत. तेथील चाच्याने जहाज अडवले, की त्याने आपल्याजवळचा तुकडा परवान्याला लावून पाहायचा आणि काठ जुळले तर जहाज सोडायचे, म्हणजे या व्यवहारात अक्षरओळखीची गरजच नव्हती. आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांची गत ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

चाचा ज्या सहीकडे ढुंकूनही पाहत नसे, तिच्यासाठीच आजचा संग्राहक खिसा रिकामा करतो. राष्ट्राध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री कोऱ्या छापील कागदांच्या गठ्ठ्यांवर सह्या करून ते बंदरोबंदरीच्या जकात अधिकाऱ्यांकडे पाठवीत आणि जहाजाचे व कप्तानाचे नाव तेथील कारकून मागाहून भरी. थोडक्यात, सही आधी आणि जहाज नंतर. टॉमस जेफरसन आपले नाव 'टीएच' या दोन अक्षरांपुढे दोन टिंबे देऊन आखडते घेत, आणि त्यांच्या सहीखाली परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांची सही असली, की पुढे तेही अध्यक्ष झाल्यामुळे एका तिकिटात दोन खेळ पाहिल्याचे समाधान मिळते. मात्र कप्तानाने सोयीसाठी घातलेली घडी नेमकी त्या टिंबांवरून गेली असेल, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या बापड्याला आज जे ऐकून घ्यावे लागते, ते वादळातही त्याच्या कानी पडले नसेल.

घडी नसलेला, स्वच्छ आणि स्वस्त कागद मिळाला तर मात्र हुरळून जाऊ नये, कारण रॉबर्ट स्प्रिंग नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सह्यांचा जणू कारखानाच काढला होता. खुद्द जेफरसन, ज्यांनी असल्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे फुकट सह्या करून वाटले, १८२६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते.