अंकल, फोटो फटेगा

प्रस्तुत लेखकाला दिल्लीत कुणी 'अंकल' म्हटलेलं चालतं, रांगेत कुणी पुढे घुसलेलंही चालतं. पण चित्राची कड धूसर झालेली चालत नाही. लक्ष्मीनगर स्टेशनबाहेरच्या कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर लोक टॉपर बघतात, हा टॉपरच्या कानाभोवतीची भुरभुर बघतो. वर सोबतच्याला समजावतो, की जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि बारकावा गाळते, त्यामुळे कडेला हा कचरा उरतो. व्याख्यान राजीव चौकपर्यंत पुरेल एवढं असतं. सोबतचा बहुधा मंडी हाउसलाच उतरतो.

असा माणूस नोएडातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स दुसऱ्याला करू देईल होय? डावीकडे बाप्पा, उजवीकडे वर्गणीचा क्यूआर कोड. बाप्पा वेक्टरमधले, म्हणजे त्यांची प्रत्येक रेघ गणितात मांडलेली. चिमटीएवढे करा की मांडवाएवढे, सोंड तशीच रेखीव. कोड मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं इवलंसं बिटमॅप, म्हणजे नुसते पिक्सेल. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ताणल्याबरोबर काळ्या चौकोनांना करडी मिसरूड फुटली. वाढलेल्या जागेत कुठला रंग भरायचा हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसतं. मग ते शेजाऱ्यांची सरासरी काढून मोकळं होतं.

उपाय आहे, आणि तो सांगताना लेखकाची छाती फुगते. चित्र निवडायचं, ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये रेंडरिंग 'ऑटो'वरून 'पिक्सेलेटेड' करायचं. मग सरासरी बंद. प्रत्येक ठिपका जवळच्या पिक्सेलचा रंग जसाच्या तसा उचलतो आणि कड सुरीने कापल्यासारखी येते. जुन्या आवृत्त्यांत इथे 'ऑप्टिमाइझ क्वालिटी' आणि 'ऑप्टिमाइझ स्पीड' असे पर्याय होते. क्वालिटी मागितली की चित्र धूसर, घाई दाखवली की धारदार! राजधानीत राहणाऱ्याला हा न्याय अगदीच अनोळखी नाही.

आता पिक्सेल चौकोनीच का, हा विषय कुणी काढलेला नाही, लेखक काढतोच. 1957 साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी संगणकाला जोडलेला स्कॅनर बनवला. त्यावर त्यांनी काय चढवलं? तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा फोटो. 176 गुणिले 176, म्हणजे 30,976 चौकोनी ठिपके, बस्स. जगातल्या पहिल्यावहिल्या डिजिटल चित्रांत हे गणलं जातं. एवढं मोठं सरकारी यंत्र हाताशी, आणि बापाला त्यात आपलं तान्हं बघावंसं वाटलं! पुढे हेच कर्श चौकोनावर नाराज झाले. 2010 साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी चित्राच्या मजकुराप्रमाणे आकार बदलणारे पिक्सेल सुचवणारा निबंध लिहिला, आणि नमुना म्हणून पुन्हा त्याच पोराचा फोटो घेतला. लेखकाला ही गोष्ट इतकी आवडते, की मंडळाच्या सभेत जमाखर्चाच्या चर्चेतही त्याने ती सांगून टाकली. खजिनदारांनी चहा मागवला.

फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाला ती ऐकवायची राहिली, कारण त्याने तोंडच उघडू दिलं नाही. "ओपन फाइल है? नहीं? फोटो फटेगा, अंकल." फाटणं म्हणजे ताणल्यावर चित्र विरणं. मग लेखकाने घासूनपुसून आणलेली फाइल त्याने कोरलमध्ये उघडली, पुन्हा जेपीजी केली आणि मशीनकडे धाडली.

लेखक भांडायच्या तयारीत होता. पण शेजारच्या स्क्रीनवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स चालू होता. जुन्या ओळखपत्रावरून मोबाइलने टिपलेला म्हाताऱ्या बाईंचा फोटो, सहा फुटांवर ताणलेला. त्या बाईंचा मुलगा काउंटरला टेकून म्हणत होता, "थोड़ा साफ हो जाए तो…" एरवी लेखकाने पिक्सेलेटेडचा मंत्र दिला असता. पण त्या मंत्राने डोळ्यांच्या जागी चार-चार तपकिरी फरश्या आल्या असत्या. सरासरीने जो धूसरपणा आणला होता, त्यातच काय तो चेहरा शिल्लक होता. लेखक गप्प बसला. जे मुळात टिपलंच गेलं नाही, ते कुठल्याही मेनूत सापडत नाही, आणि याची त्या दिवशी त्याला मनापासून चीड आली.

क्यूआरचं मात्र निराळंच निघालं. छापलेल्या कोडच्या कडा धूसर होत्या, तरी दुकानातल्या मुलाने मोबाइल धरताच मंडळाचं नाव उमटलं. जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 साली हा कोड मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला, तो कारखान्यातली तेलाची बोटं गृहीत धरूनच. वाचणारा चौकोनाचा मध्य बघतो, कडेशी त्याला फारसं देणंघेणं नसतं; शिवाय काही भाग मळला तरी चूक दुरुस्त करायची सोय आतच भरलेली असते. लेखकाने रात्र जागून धारदार केलेल्या कडांवाचून वर्गणीचं काहीही अडलं नसतं.

अडतं ते भोवतीच्या पांढऱ्या पट्टीवाचून. भगव्या पार्श्वभूमीवर शोभत नाही म्हणून सजावटवाले तीच आधी कापतात. तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्याच्या चारी बाजूंना निदान कोडच्याच चार चौकोनांएवढी जागा कोरी सोडा.