त्याची मॅच चालू आहे

वय बेचाळीस, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली, सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात दोन्ही बाजूंना समजावणारा आणि मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर न चुकता 'ओके मॅडम' लिहिणारा हा गृहस्थ. ठाण्यात, पिंपरीत, नाशकात कुठल्याही टू-बीएचकेत तो सापडतो. रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की तो बेडरूममधली प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे वळवतो, दोन्ही अंगठ्यांवर घामाने बोट अडू नये म्हणून मिळणाऱ्या काळ्या कापडी टोप्या चढवतो, कानात हेडफोन खोचतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "घराच्या मागे दोघं आहेत. आधी मला उचल, मग लूट कर." पलीकडच्या खोलीत आईला वाटतं, ऑफिसचं काहीतरी चाललंय, पोराला या वयातही किती राबवून घेतात. अर्ध्या तासाने हाच संकष्टी सोडून उठलेला माणूस 'चिकन डिनर'ची पाटी स्क्रीनवर झळकली म्हणून हवेत मूठ उडवतो. ही पाटी जिंकणाऱ्याला मिळते, ताटात काही पडत नाही. पण आईच्या कानावर गेली तर तिला ते पटवून कोण देणार?

या माणसाचं निम्मं कौशल्य खेळण्यात आणि निम्मं लपवण्यात खर्च होतं. बायोडेटातल्या छंदांच्या रकान्यात त्याने 'वाचन, ट्रेकिंग' लिहिलेलं असतं. त्याचं शेवटचं वाचन वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकाचं आणि शेवटचा ट्रेक कंपनीने नेलेला. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर त्याने काय लिहिलं होतं ते आता बायकोसमोर काढू नये. ऑफिसात डोळे लाल दिसले तर 'बाळ रात्री झोपलं नाही' म्हणतो. बाळ सातवीत आहे. त्याच्या डोक्यात पॅन नंबर राहत नाही, पण लहानपणी टीव्हीला जोडायच्या खेळात 'कॉन्ट्रा'चे तीस जीव मिळवायला वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं कसं दाबायचं ते झोपेत विचारा. नव्वदच्या दशकात कॅसेट फुंकून फुंकून खोबणीत बसवणारी, मग सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने 'काउंटर स्ट्राइक' खेळणारी ही पिढी आता गृहकर्जाच्या मध्यावर आहे. तिचं खेळणं कधी थांबलंच नाही. फरक इतकाच, की तेव्हा आईबाप ओरडायचे, आता आईबापांबरोबर बायको, मुलं आणि मेहुणाही हसतो.

त्याच्यावरचे आरोप ठरलेले आहेत. एक, हा पोरकटपणा आहे. दोन, हा वेळेचा नाश आहे. दोन्ही आरोप करणारी मंडळी गंभीर असतात, म्हणून ते जरा तपासून पाहायला हरकत नाही. वेळेचंच घ्या. जो मेहुणा हसतो, तो आयपीएलचे दोन महिने रोज साडेतीन तास सोफ्यावर आडवा असतो आणि मधल्या काळात अंगठ्याने रील्स वर ढकलत असतो. सासूबाईंच्या मालिकेतली नायिका तीन वर्षं गरोदर आहे. याचा हिशेब कोणी मागत नाही. पोरकटपणाचं म्हणाल, तर मोठ्या माणसांनी खेळणं आपल्याकडे देवादिकांपासून चालत आलंय. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाटावर बसलेले आहेत आणि खाली गणांनी नंदीची थट्टा मांडली आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात. दहा अवतारांची बारा-बारा अशी 120 पानं. ती काही बालवाडीसाठी घडवली नव्हती. 2020 च्या टाळेबंदीत तर नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीच्या 'लुडो किंग'वर काका, आत्या, व्याही, विहीण सगळ्यांनी एकमेकांच्या सोंगट्या मारल्या. तोही व्हिडिओ गेमच होता. त्या आत्याला कोणी 'अजून लहान राहिलीस' म्हटल्याचं ऐकिवात नाही. पत्ते खेळणारे आजोबा रंगेल, कॅरम खेळणारे काका हौशी, आणि हा मात्र 'वाया गेलेला'.

तेव्हा गुन्हा वेगळाच असला पाहिजे. आत्याचा लुडो आणि याची मॅच समोरासमोर ठेवली की तो दिसतो. लुडोत आपली पाळी येईपर्यंत कुकरची शिट्टी मोजता येते, दूध उतरवता येतं, दारावरच्या कुरिअरला सही देता येते. याच्या मॅचमध्ये शंभर माणसं एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, चौघांच्या टोळीतला प्रत्येक जण बाकी तिघांच्या भरवशावर असतो आणि साधारण अर्धा तास हे प्रकरण कोणालाही थांबवता येत नाही. मधेच उठलात तर रँक घसरते, आणि त्याहून वाईट म्हणजे उरलेले तिघं उघड्यावर पडतात. अशा वेळी स्वयंपाकघरातून "अहो, गॅस बंद करता का?" अशी हाक येते. तो "दोन मिनिटं" म्हणतो. घरातल्या प्रत्येकाला त्या दोन मिनिटांची खरी लांबी माहीत असते. मराठी मध्यमवर्गीय घर हाकेवर चालतं. कोण काय करतंय याला फारसं महत्त्व नसतं; हाक मारल्यावर ओ येते की नाही याला असतं. टीव्ही पाहणारा षटक संपलं की कोथिंबीर आणून देतो, पेपर वाचणारा मान न वळवता 'हं' तरी म्हणतो. खेळणारा हाकेच्या बाहेर गेलेला असतो, आणि गेलाय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

बुद्धिबळालाही हाच आरोप कधी चुकला नाही, हे विसरलं जातं. प्रेमचंदांच्या कथेवर सत्यजित राय यांनी 1977 साली केलेल्या 'शतरंज के खिलाडी'मध्ये 1856 साली अवध खालसा होत असताना दोन सरदार पटावरून उठत नाहीत. ते पोरकट आहेत असं तिथे कोणी म्हणत नाही. राज्य हाक मारत होतं आणि यांनी ओ दिली नाही, ही तक्रार आहे. एका सरदाराची बेगम आतून निरोपावर निरोप पाठवते तेव्हा तर प्रकरण अगदी आपल्या बेडरूमपर्यंत येऊन पोचतं. उलट बाजूही पाहा. हाकेच्या बाहेर जाण्याचे काही परवाने आपल्याकडे वाटलेले आहेत. 'पूजेला बसलेत', 'कॉलवर आहे', 'नुकताच डोळा लागलाय' ही तीन वाक्यं उच्चारली की घर आपोआप दबक्या पावलांनी चालतं. म्हणूनच हा गृहस्थ हेडफोन लावतो. निम्म्या वेळा त्याचा उपयोग शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकायला आणि निम्म्या वेळा कॉलचा आव आणायला होतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: सगळेच खेळ असे नसतात, कित्येकांना पॉज असतो. मग घरच्या टीव्हीला कन्सोल जोडून एकटाच जंगलं तुडवणारा माणूस का टोमणे खातो? एक कारण साधं आहे, त्याने टीव्ही अडवलेला असतो, आणि साडेआठची मालिका ही काही घरांत न्यायालयीन तारखेसारखी असते. पण दुसरं कारणही आहे. पॉज खेळाला लागतो, माणसाला लागत नाही. तो गॅस बंद करून येतो, पण कोणता बर्नर हे त्याला आठवत नाही. त्याचं अर्धं मन अजून खेळातल्या पुलावर अडकलेलं असतं, आणि बायकोला नवऱ्याचं अर्धं मन कुठे आहे हे ओळखायला पॉजचं बटण बघावं लागत नाही.

व्यसनाचा मुद्दा याहून जड आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार 1 जानेवारी 2022 पासून रीतसर दाखल आहे. पण त्याच्या अटी वाचाव्यात: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या आयुष्यापेक्षा खेळ वर चढणं, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जाणं, आणि हे सहसा वर्षभर चालणं. आपला गृहस्थ साडेसहाच्या अलार्मला उठून मुलाचा डबा भरतो. त्याला या यादीत बसवायचं तर मेहुण्याच्या आयपीएललाही कलम लावावं लागेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 साली सुमारे 39 हजार खेळाडूंच्या खेळण्याच्या प्रत्यक्ष नोंदी कंपन्यांकडून घेऊन तपासल्या, तेव्हा किती तास खेळलं याचा मनाच्या बऱ्यावाईटाशी जवळजवळ काही संबंध सापडला नाही. व्यसनी माणसं नाहीत असा याचा अर्थ नव्हे. नुसते तास मोजून ती ओळखता येत नाहीत, इतकाच. पैशाचं मात्र वेगळं. ऑनलाइन रमीत पगार घालवून कर्जात बुडालेली घरं महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना वेगळं काढून मान्यता दिली. शेजाऱ्यांच्या भाषेत मात्र हा फरक अजून उतरलेला नाही. त्यांच्या लेखी मोबाइल आडवा धरला की जुगार. कायद्याच्या आदल्याच महिन्यात राज्याचे एक मंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. आपण फक्त मधेच आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. काही दिवसांत त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. आपल्या गृहस्थाने ती बातमी तीन वेळा वाचली. 'जाहिरात बंद करत होतो' हे उत्तर त्याला वीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

त्याचे वकील त्याच्या मदतीला येतात तेव्हा जास्त घोळ घालतात. 2007 च्या एका अमेरिकी पाहणीत आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जन मंडळींच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका झाल्या, हे ते तावातावाने सांगतात. पाहणी तेहेतीस डॉक्टरांची होती आणि आपला गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासतो. त्याच्या अंगठ्यांवर कोणाचं पित्ताशय अवलंबून नाही. रियाधच्या 2025 च्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत बुद्धिबळ होतं आणि मॅग्नस कार्लसन जिंकला, पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 'राजी' नावाचा खेळ बनवून देशाबाहेर नाव मिळवलं, हेही सगळं खरं. पण यातून सुटका मिळते ती पदक आणणाऱ्याला आणि पगार घेणाऱ्याला. आपला गृहस्थ रोज हरतो. खेळावर त्याचा हक्क असेल तर तो वाईट खेळण्याचाही असला पाहिजे. गल्लीत कॅरम खेळणाऱ्याला कोणी 'याने तुझी एकाग्रता वाढते का' असं विचारत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र त्याचे हात बांधले जातात, आणि तो शेजाऱ्यांचा नसून बायकोचा आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, करणारे पुरुष 88. म्हणजे हा हाकेच्या बाहेर जातो तेव्हा हाक हवेत विरत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. बायकोला अर्धा तास सलग मिळत नाही म्हणूनच ती कँडी क्रश खेळते. तो खेळ दाराची बेल वाजली की ठेवता येतो आणि कोणाला कळतही नाही. गेम खेळणारी बाई आपल्याला दिसत नाही याचं कारण ती नाही हे नव्हे. ती कधी हाकेच्या बाहेर गेलेलीच नसते. तेव्हा अंगठ्याच्या टोप्या चढवण्याआधी 289 आणि 88 यांतला फरक थोडा भरून काढावा, एवढं तरी त्याने करायला हवं. आणि तिची खेळायची वेळ झाली की भिंतीकडे वळवलेली खुर्ची तिलाही मिळावी.

हे ज्या घरांत जमलंय, तिथे एक गंमत घडते. वार ठरतो, वेळ ठरते, गॅस आधीच बंद होतो आणि खोटा कॉल लागत नाही. मग टोमण्यांना धरायला काही उरत नाही. ज्या सासूबाईंनी पहिलं वर्ष 'जावई अजून पोरगाच आहे' म्हणून काढलं, त्याच आता शनिवारी संध्याकाळी विहिणीला फोनवर सांगताना ऐकू येतात, "जेवायला या, पण जरा लवकरच या बरं का. दहाला त्याची मॅच असते, आणि मागच्या वेळी ते तिघं याच्यावाचून मेले."